चार बोटं वरची रेघ

हिलाल माणसाचा चेहरा नंतर बघायचा, आधी पाऊल. नावेच्या फळीवर पाय पडला की मान वर न करता तो वजन सांगायचा, "पावनेदोन मन. तठे बस, मधमा." मग दुसरं पाऊल. "तू व्हय का सखूमाय? सव्वा मन. पाटी धरीसन सव्वादोन." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, पण सांगेल तिथंच बसायच्या. नाव कधी एका अंगाला कलायची नाही.

आमची पहिली भेट भांडणात झाली. बावन-त्रेपन्न साल असेल. मी तेव्हा खांद्यावर भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन तापीच्या दोन्ही काठांवर हिंडायचो. बापानं माझ्यासाठी शेत ठेवलं नव्हतं, दुकान ठेवलं नव्हतं. प्रकाशा गावाच्या खालच्या अंगाला हिलालच्या घराण्याची नाव चालायची. काठावरच्या गावांकडून ते पैसे घेत नसत. सुगीला घरोघरचं धान्य घेत. मी परका, म्हणून मला उतराई, म्हणजे नदी उतरायचे पैसे, पडली. मी घासाघीस सुरू केली. हिलाल म्हणाला, "दादा, ही नाव शे, बाजार नही. पटत व्हई तं बस, नही तं पव्हत ये."

माझं डोकं फिरलं. पोतं नावेत फेकलं आणि धोतर खोचून मी खरंच पाण्यात शिरलो. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा नावेतून त्याचा थोरला भाऊ ओरडला, "अरे ओ! तठे डोह शे!" पुढचं पाऊल टाकलं ते तळ नसलेल्या पाण्यात. हिलालनं उडी मारून मला केसांना धरून वर काढलं. पलीकडे उतरल्यावर मी पैसे काढले तर घेतले नाहीत. "ठेव. नाकमा पानी गयं ना, तीच तुन्ही उतराई." त्या दिवसापासून आम्ही मित्र झालो.

थोरल्या भावाला सगळा काठ नाना म्हणायचा. नाना सुकाणू धरायचा, हिलाल वल्हं मारायचा आणि दोघांच्या वाटचं बोलायचा. नाना दिवसाला दहा-वीस शब्द बोलत असेल. पण सुकाणूवाला नको म्हणाला की नाव सुटत नसे. पाटील असो की मामलेदार, काठावर बसून राहायचं. आखाजीच्या सणाला नाव वाळूवर पालथी घालून डांबर लावत. ते वाळलं की नाना गेरूत तेल कालवून बाहेरच्या फळीवर बोटानं एक आडवी रेघ ओढायचा. पाणी त्या रेघेला टेकलं की भरणं बंद. मग एक कोंबडी आत येऊ द्यायची नाही. रेघ नानाच्या बापानं जिथं ओढली होती तिथंच नाना ओढायचा.

हिलाल निराळ्या मातीचा. चौथीपर्यंत शिकलेला, अक्षर वळणदार. शहाद्याहून आलेलं जुनं वर्तमानपत्र तो वल्ह्यावर पाय ठेवून मोठ्यानं वाचायचा. मला म्हणायचा, "रामदास, जलमले नावाडी उनू, पन नावाडी म्हनीसन मरसू नही." मला ते आवडायचं. मीही शून्यातून वर आलेला. वर जाऊ पाहणारा माणूस मला आपल्या जातीचा वाटतो. लोकल बोर्डाच्या लिलावात उताराचा, म्हणजे तिथं नाव चालवायचा, ठेका त्यानं स्वतःच्या नावावर घेतला, तेव्हा शेजारी मी उभा होतो. त्यानं धान्याची चाल बंद करून दर खेपेची उतराई लावली, तेव्हा बायका मलाही शिव्या देत होत्या, त्यालाच नव्हे.

तोवर माझं बरं चाललं होतं, स्वतःचं दुकान झालं होतं. उत्तर काठावर शेंगा घ्यायच्या, नदी उतरवायच्या, गाडीबैलांनी नंदुरबार स्टेशनावर नेऊन डब्यात भरायच्या. नाना माझी पोती दोन खेपांत न्यायचा. एका चैत्रात मी हिलालला म्हणालो, "माले दोन खेपा परवडतस नही. एकच खेपमा ने, नही तं मी वरला उतारवर जास." तो म्हणाला, "नाना आयकाव नही." मी म्हणालो, "ठेका कोना शे? नानाना का तुन्हा?" हे मी एकदा नाही, दोनदा म्हणालो.

त्या आखाजीला गेरूची वाटी हिलालनं हातात घेतली आणि जुन्या रेघेवर चार आडवी बोटं ठेवून त्यांच्या वर नवी रेघ ओढली. नाना बघत होता. "बापानी रेघ शे ती," एवढंच बोलला. हिलाल हसत म्हणाला, "बापले ठेका कोठे व्हता?" नारळ फुटला. नानानं खोबरं घेतलं नाही.

दोन वर्षं काही झालं नाही. माझी पोती एका खेपेत पार व्हायची. हिलालनं दुसरी नाव केली, डोक्यावर पांढरी टोपी आली, वल्हं सुटलं. लोक हिलालशेठ म्हणू लागले. जिल्हा परिषद नवीनच झाली होती. तिथं आपण बसायचं, असं त्यानं मनात घेतलं. पुढारी मंडळी त्याच्या ओट्यावर चहा पिऊन जायची. तो अजून पावलं बघायचा, पण आता चपला कुणाच्या भारी ते बघायचा. मी एकदा तसं तोंडावर म्हटलं तर म्हणाला, "तू बी ते दखीसनच तं मन्हासंगे बसस!" दोघंही हसलो.

आश्विनातला बाजाराचा दिवस. वर कुठंतरी मोठा पाऊस झाला होता. पाणी लाल आणि जड चाललं होतं. माझी पोती भरली होती, वर पंधरा-वीस माणसं. स्टेशनावर डबा मिळालेला, संध्याकाळपर्यंत भरायचा. नानानं सुकाणूवरून हात काढला. "पानीनी चाल बरी नही. शेंगा उतारा."

हिलाल काठावर दोन पुढाऱ्यांबरोबर उभा होता. त्यांना तो आपला कारभार दाखवत होता. तो खाली आला. "नाना, लोके दखी ऱ्हायनात. रेघ आखो कोरडी शे."

"ती तुन्ही रेघ शे. मन्ही पानीखाल गयी."

"मंग सोड सुकानू. सुका चालावस."

सुका म्हणजे नवखा गडी, त्यानं भरल्या नदीत कधी नाव घातली नव्हती. नानानं एकदा नावेतल्या माणसांकडे बघितलं. मी काठावरून ओरडलो, "नाना, आवर ना! डबा चालना जाई!" नानानं पुन्हा सुकाणू धरलं. आता वाटतं, आम्ही दोघांनी मिळून त्याला ते धरायला लावलं.

मधल्या धारेत नाव एकदा थरारली. एका बाजूनं पाणी आत आलं, पोती सरकली आणि नाव कुशीवर झाली. हिलालनं नेसल्या कपड्यांनिशी काठावरून उडी घेतली. त्यानं आणि नानानं माणसं काढली. सगळी निघाली, एक सोडून. ठगूबाई, वांगी विकणारी. तिसऱ्या दिवशी ती खाली दोन कोसांवर सापडली.

फौजदार येणार त्या दुपारी हिलाल माझ्या दुकानात आला. टोपी नव्हती. "तुले इतलंच सांगनं शे," तो म्हणाला, "का नाव नानानी भरी आनि नानानीच सोडी. रेघ बी त्यानीच."

"सख्खा भाऊ शे तो तुन्हा!"

"नाना म्हतारा शे, त्याले थोडं कमी व्हई. मन्हं समदं चालनं जाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आनि पोता कोना व्हतात, एकच खेप कोले पाहिजे व्हती, ते बी निघी."

सबंध आयुष्यात मी पहिल्या बोलीवर सौदा पक्का केला नाही. त्या दुपारी केला. "बरं," म्हणालो.

चावडीत नाना जमिनीवर बसला होता. हिलाल भिंतीला टेकून उभा होता. फौजदारानं नानाला विचारलं, "ही रेघ कुणी काढली?"

नाना म्हणाला, "मी."

"नाव तूच भरलीस?"

"मीच."

कुणी शिकवलं नव्हतं त्याला. हिलालनं मान खाली घातली. नाना लहान भावाकडे बघतही नव्हता. ते बघून माझ्या डोक्यात काय पेटलं ते मला सांगता येत नाही. माझी पाळी यायच्या आत मी उठून ओरडलो, "खोटं बोलतोय तो! रेघ हिलालनं वर नेली. चार बोटं! नाना पोती उतरवा म्हणत होता. साऱ्या काठाला विचारा!"

मग साऱ्या काठाला वाचा फुटली. फौजदारानं हिलालला विचारलं, "कशासाठी नेलीस रेघ वर?"

आता माझं नाव निघणार, हे मी धरूनच चाललो. हिलालनं माझ्याकडे बघितलं. "मन्हा लोभनी," तो म्हणाला, आणि पुढं काही बोलला नाही. मीही बोललो नाही.

त्याला शिक्षा झाली. ठेका गेला, जिल्हा परिषद गेली, ओट्यावरचा चहा गेला. सुटून आल्यावर त्याच्या नावेत कुणी बसेना. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, बायको माहेरी राहिली. तापीवर पूल बांधायला लागले तेव्हा तो तिथं खडी वाहत होता. नाना त्याला घरी दोन वेळा जेवू घालायचा, माझ्या रामरामाला मात्र उत्तर देत नसे.

माझा राग हिलालवर होता. लोकांना वाटायचं, त्यानं मला खोटं बोलायला लावलं म्हणून. तसं नव्हतं. त्यानं चावडीत माझं नाव घेतलं असतं तर आम्ही बरोबरीत सुटलो असतो. ते न घेऊन त्यानं मला कायमचं खाली ठेवलं, असं मला वाटायचं. पुलाच्या कामावर छातीत खडीची धूळ जाऊन तो अंथरुणाला खिळला, तेव्हा मी भांडायलाच गेलो. म्हटलं, "तवय मन्हं नाव कसाले नही लिधं? धमकी तं दिधी व्हती!"

खोकत खोकत तो उठून बसला. "लेनारच व्हतू. पन नाना तठे बसेल व्हता. मन्हं पाप त्यानी आपला डोकावर लिधं, तुन्हा आरडानंतर बी मन्हाकडे बोट दखाडं नही. त्याना म्होरे आखो लहान व्हवानी लाज वाटनी, रामदास."

मी भांडण घेऊन गेलो होतो, ते तसंच परत आणलं.

आठ दिवसांनी हिलाल गेला. तिरडी उचलताना मला कुणी बोलावलं नाही. मी पुढं झालो. नानानं न बघता सरकून जागा दिली. नदीकाठी चिता पेटल्यावर, गावातली दहा-बारा माणसं ऐकत असताना मी म्हणालो, "नाना, एकच खेपमा ने असं मी त्याले सांगेल व्हतं. दोनदा सांगेल व्हतं. रेघ मन्हा पोतासकरता वर गयी."

नानानं चितेतलं सरकलेलं लाकूड काठीनं आत लोटलं. इतक्या वर्षांनी तो माझ्याशी बोलला ते एवढंच: "हाई तू तवय सांगतास, तं मन्हा भाऊ तठे एकला उभा नही ऱ्हाता."