ज्युलिएटच्या पोटाची गोष्ट

ज्युलिएटसारखा केळीचा घड उतरवणारं वसईजवळच्या गिरीज गावात दुसरं कोणी नव्हतं, असं तिचा नवरा सायमन आजही सांगतो. एका हाताने दांडा धरायची, दुसऱ्याने कोयता मारायची आणि घड जमिनीला लागू न देता खांद्यावर घ्यायची. पन्नाशी उलटली तरी तेच. मग एका सकाळी असाच घड पेलताना तिच्या कमरेत काहीतरी सरकलं आणि ती वाफ्यात खाली बसली, तिला उठताच आलं नाही.

ऑपरेशन झालं. दुखण्यावर ट्रॅमाडॉलच्या गोळ्या मिळाल्या, पंधरा दिवसांच्या. पंधरा दिवसांनी कंबरदुखी थांबली नव्हती, आणि गोळी घेतली की कंबरच काय, सगळंच हलकं व्हायचं. जुनी चिठ्ठी दाखवली की एक औषधवाला मुकाट्याने पाकीट पुढे करायचा. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या आठ. सायमनला वाटे, कमरेचं औषध आहे, घेऊ दे.

दोन वर्षांत ज्युलिएट वाळून गेली. ताटातला भात नुसता चिवडायची, बोलायची कमी. पोट फुगून दगड झालेलं, सहा-सहा दिवस साफ व्हायचं नाही. पण असलं कोणाला सांगायचं?

थोरल्या बहिणीच्या, ग्रेसीच्या, मुलीचं लग्न जवळच्या कळंबला होतं. आदल्या संध्याकाळी सगळे गेले आणि ज्युलिएट गोळ्या घरी विसरली. लग्नाच्या सकाळी तिला एकामागून एक जांभया सुरू झाल्या. नाक वाहू लागलं, अंगावर काटा, पाय जागेवर ठरेनात. "ताप भरतोय तुला," म्हणत ग्रेसीने चादर आणली. ताप नव्हे, हे ज्युलिएटला ठाऊक होतं. भाचीला नवरीचा झगा घालत होते तेवढ्यात ती मागच्या दाराने निघाली आणि रिक्षा करून थेट घरी आली.

सायमन मागोमाग पोचला, तेव्हा ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. हातात रिकामं होत आलेलं पाकीट.

"दिवसाला किती?" त्याने विचारलं.

"आठ. कधी दहा."

तो लग्नातल्या नव्या पँटसकट तिच्या शेजारी खाली बसला. म्हणाला, "मला वाटायचं, तुला मीच नकोसा झालोय."

ज्युलिएट तेव्हा रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या आठवड्यात दोघं वसईतल्या व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात गेली. ज्युलिएट बोलणी खायची तयारी करूनच गेली होती. डॉक्टर क्षितिजा तिच्या मुलीच्या वयाची. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, पोट साफ होतं का?"

सायमन खिडकीबाहेर बघू लागला. ज्युलिएटने मान खाली घालून सगळं सांगितलं.

"ही गोळी आतड्याला सुस्त करते," डॉक्टर म्हणाली. "आपल्या आतड्यात कोट्यवधी बारीक जीव राहतात, आपल्या उपयोगाचे. त्यांचंही गणित ती बिघडवते. आणि आतडं नि डोकं एकमेकांशी बोलत असतात. ते जीव बिघडले की गोळीची ओढ आणि सोडतानाचा त्रास बदलतो, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसांचं अजून नीट ठरायचंय."

"म्हणजे खाण्यानं सुटेल?" सायमनने विचारलं.

"नाही, काका. सुटेल ते औषधानं आणि वेळ देऊन. जिभेखाली ठेवायची वेगळी गोळी देते, ती ही ओढ आवरेल; मग तिचा डोस हळूहळू उतरवू. पण ताक, आंबील, भाज्या, कडधान्यं पोटात गेली तर पोटाला बरंच."

सायमनने त्यातलं शेवटचं तेवढं घट्ट धरलं, कारण तेवढंच त्याच्या हातात होतं. आयुष्यात त्याने चहापलीकडे काही केलं नव्हतं. पहिल्या आंबिलीत नाचणीच्या गाठीच गाठी झाल्या. ज्युलिएटने चार चमचे गिळले आणि वाटी सरकवली. दुसऱ्या दिवशी त्याने पीठ आधी ताकात कालवून घेतलं. वाडीतला दुधी, शेंगा, लाल माठ जे कोवळं असेल ते रोज शिजू लागलं, कधी अळणी, कधी खारट.

तिसऱ्या महिन्यात कमरेच्या दुखण्याने उचल खाल्ली आणि ज्युलिएट त्या औषधवाल्याकडे जाऊन आली. चार गोळ्या घेतल्या. संध्याकाळी स्वतःच सायमनसमोर उरलेलं पाकीट ठेवलं. "माझ्यानं होणार नाही," म्हणाली.

"उद्या जाऊ डॉक्टरकडे," एवढंच तो बोलला आणि माठ निवडत बसला.

डॉक्टरही रागावली नाही. "सांगायला आलात, हे मोठं आहे," म्हणाली. कमरेसाठी व्यायाम शिकवणाऱ्या बाईचा पत्ता दिला.

वर्ष लागलं. जिभेखालची गोळी आता पाव भागावर आली आहे, पूर्ण सुटलेली नाही. कंबर अजून दुखते. पोट कशानं सुधारलं, जुनी गोळी सुटल्यानं की सायमनच्या आंबिलीनं, हे डॉक्टरलाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

परवा दुपारी सायमनने वालाच्या शेंगांची भाजी केली होती. ज्युलिएट वाडीतून आली, हात धुतले, पाटावर बसली आणि पहिलं वाढणं संपवून ताट पुढे केलं.

"आणखी आहे?"

सायमनने आपल्या वाटणीच्या भाजीसकट टोप तिच्याकडे सरकवला. स्वतःला नंतर पेज घेतली.