पुढं उतरतो

भोईर गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते एका मैलाच्या दगडावर उभे होते. कर्जत मागे पडून पळसदरीच्या रस्त्याला भातशेते लागतात, तिथे. काळा कोट, पांढरी टोपी, धोतर वर खोचलेले, आणि शेजारी एक उंच सायकल कवेत धरलेली. पुतळा तयार आहे आणि अनावरणाचे पाहुणे अजून यायचे आहेत, असे काहीसे ते दृश्य होते. मी त्यांच्याच शाळेत नुकताच रुजू झालो होतो. सायकल थांबवून मी विचारले, काही मदत हवी आहे का.

"पुढं व्हा मास्तर," ते म्हणाले. "कुनी बगत असलं की मला चढता येत नाय."

मी पुढे झालो. थोड्या वेळाने मागून घंटी वाजली आणि सीटवर डावीकडून उजवीकडे झुलत, होडी वल्हवल्यासारखे, गुरुजी मला ओलांडून गेले. वर्गात ते पुस्तकातल्यासारखे शुद्ध बोलत. सायकलवर बसले की घरची भाषा सुरू होई. मला ती दुसरी अधिक अचूक वाटे.

ती सायकल त्यांना लग्नात पोशीरच्या सासऱ्यांनी दिली होती. लग्नात गुरुजींना मिसरूडही फुटले नव्हते. सासरे भाताचे मोठे शेतकरी, पुढचा विचार करणारे. त्यांनी जावयाला कोट शिवला तो वाढत्या अंगाचा, आणि सायकल घेतली तीही वाढत्या अंगाची. कोटाचा अंदाज बरोबर आला, कारण गुरुजी रुंदीत वाढले. उंचीत नाही. पायडलांना लाकडी ठोकळे बांधून त्यांनी सायकल चालवण्याची सोय केली; चढण्याची मात्र झाली नाही. पोरे नळीखालून पाय घालून कैची मारतात, तसे करणे धोतर नेसलेल्या शिक्षकाला शोभले नसते. सायकल बदलावी, तर सासऱ्यांचा अंदाज चुकला असे पंचक्रोशीत जाहीर केल्यासारखे. म्हणून त्यांना चढायला दगड लागे. मैलाचा दगड, मोरीचा कठडा, देवळाचा पार, काहीही चाले. उतरताना ते सहज उडी मारून उतरत. पण एकदा उतरले की पुढचा दगड येईपर्यंत सायकल हाताने न्यावी लागे.

हे कोणाला माहीत नव्हते. मला कळले ते मी त्यांना दगडावर पकडले म्हणून.

त्या काळी रस्त्यात वडीलधारे माणूस किंवा अंमलदार दिसला की सायकलवरून उतरायची रीत होती. उतरायचे, नमस्कार करायचा, ते पुढे गेले की चढायचे. गुरुजी ही रीत मनापासून पाळत, आणि तिची किंमत पायी चालून चुकवत. बाजाराच्या रस्त्याने गेले तर सायकल असून ते सगळा वेळ चालतच असत. म्हणून त्यांनी आडरस्ते शोधले. रविवारी आम्ही दोघे निघत असू.

"रस्ता कसा पायजे," ते म्हणत, "तर आपल्याला मान देनारं कुनी नाय आन आपल्याकडून घेनारं बी कुनी नाय."

असे रस्ते कर्जत-खालापुरात पुष्कळ होते. पळसदरीला रेल्वेने इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेले तळे होते. त्याच्या कडेने जाणारी वाट डोंगराच्या सावलीत असे, आणि सकाळच्या वेळी तिथे म्हशी आणि पाणकावळे यांच्याखेरीज वयाने मोठे कोणी भेटत नसे. भिवपुरीच्या वीजघराकडे जाताना पाण्याचा आवाज रस्त्याच्या आधी येई. खालापूरच्या बाजूला लहान लहान तळी होती. उन्हाळ्यात ती आटून चिखल राही आणि बगळे तेवढे दिसत. मी डोंगर पाहत असे, पाण्यातले ढग पाहत असे. गुरुजी दगड पाहत. "हितं मोरी चांगली हाय," ते म्हणत. किंवा "ह्या चढाला काय अर्थ नाय, वर कायच ठेवलेलं नाय." एखाद्या सुंदर वळणावर मी थांबू म्हटले तर ते न थांबता पुढे जात आणि पाव मैलावरच्या मोरीवर बसून माझी वाट पाहत. निसर्गाचे कौतुक त्यांना होते. फक्त ते सोयीच्या जागेवरून करायचे असे.

बेचाळीस सालच्या धामधुमीत एकदा दौऱ्यावरचा एक गोरा साहेब खालापूरच्या बंगल्यावर उतरला होता. संध्याकाळी तो पट्टेवाले आणि कारकून घेऊन रस्त्यावर फिरायला निघाला. आम्ही तळ्यावरून परतत होतो. मी थोडा मागे होतो. रस्त्यावरची सगळी माणसे कडेला उभी राहिली, सायकलवाले उतरले, एक गाडीवानही खाली उतरला. गुरुजी झुलत झुलत साहेबाच्या शेजारून गेले. आजूबाजूला अर्ध्या मैलात दगड नव्हता, आणि अंधार पडायच्या आत घरी पोचायचे होते.

"उतर!" पट्टेवाला ओरडला.

"पुढं उतरतो!" गुरुजी म्हणाले, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेत ही बातमी माझ्या आधी पोचली होती. भोईर गुरुजी साहेबापुढे उतरले नाहीत. वर तोंडावर उत्तर देऊन आले. शाळेतली पोरे एकमेकांना "पुढं उतरतो" म्हणून सलाम करू लागली. गावातले एक वकील होते. देशासाठी काहीतरी करावे असे त्यांना वाटे आणि ते दुसऱ्याने केले तर अधिक बरे वाटे. त्यांनी आपल्या माजघरात गुरुजींचा गुप्त सत्कार ठरवला. तो इतका गुप्त होता की हार करणाऱ्या फुलवाल्यालाही कशासाठी ते माहीत होते.

तिकडे साहेबाच्या कचेरीतून बोलावणे आले. उद्धटपणाचा खुलासा समक्ष करा, नाहीतर नोकरी सोडा. घरी बायको, तीन मुले, आणि शेत भावाच्या ताब्यात.

संध्याकाळी गुरुजी माझ्या ओसरीवर येऊन बसले.

"खरं सांगितलं तर नोकरी राहील," मी म्हणालो.

"राहील की. पन मग सासऱ्याची सायकल तालुक्यात हसं होनार. म्हातारा पोशीरला मान खाली घालून बसंल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी देशभक्त." त्यांनी पायातली चप्पल काढून तिच्यातला खडा झटकला. "मास्तर, साहेबाला मी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. निदान केलंय ते भोगलं असतं. हे तर न केलेलंच अंगाला चिकटलंय."

कचेरीत मीही गेलो. साहेब टेबलामागे बसला होता. कारकुनाने गुरुजींचे म्हणणे इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, तेव्हा गुरुजींनी त्याला थांबवले आणि साहेबांना जरा बाहेर यायला सांगा म्हणाले. आवारात सायकल होती. आवार झाडून सारवल्यासारखे साफ होते, खडाही नव्हता. साहेब, कारकून, पट्टेवाले आणि कामासाठी आलेली शेपन्नास माणसे यांच्या समोर गुरुजींनी सायकलवर चढून दाखवायचा प्रयत्न केला. एका पायावर नाचत त्यांनी दोन फेऱ्या घातल्या. तिसऱ्या खेपेला सायकल एका बाजूला आणि ते दुसऱ्या बाजूला पडले. माणसे हसली. साहेब हसला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. त्याने काहीतरी म्हटले आणि तो आत गेला. कारकुनाने भाषांतर केले, "साहेब म्हणतात, लहान सायकल घ्या."

नोकरी राहिली. सत्कार रद्द झाला. गावाने गुरुजींना हे कधी माफ केले नाही. वकीलसाहेब मला म्हणाले, "अहो, गप्प बसायला काय झालं होतं त्यांना? आम्ही हारसुद्धा सांगून ठेवला होता." हार त्यांनी मग स्वतःच्या घरच्या देवांना घातला. देवांना तो बराच मोठा झाला.

गुरुजींना धास्ती होती ती पोशीरची. आठ दिवसांनी सासरे बैलगाडीतून आले. मी गुरुजींच्या घरीच होतो. म्हाताऱ्याने पाणी घेतले नाही. सरळ भिंतीला टेकलेल्या सायकलीपाशी गेला, सीटवर हात ठेवला, जावयाला शेजारी उभे राहायला सांगितले आणि दोघांकडे आलटून पालटून पाहिले.

"जावईबापू," तो म्हणाला, "आमी अजून वाट बगतोय."

मग तो हसला, आणि गुरुजी हसले, आणि आतून लेकीने पाणी आणले. परत जाताना म्हातारा विचारून गेला, कर्जतहून कडाववरून पोशीरला येताना चढायची अडचण कुठे कुठे होते. पावसाळा संपल्यावर त्या रस्त्याला शेताच्या बांधालगत, गुडघाभर उंचीचे घडीव दगड पुरलेले दिसू लागले. गाडीवानांना वाटे सरकारी मोजणी झाली.

पुढे स्वराज्य आले. वकीलसाहेब मोठे झाले. कोणते पद होते ते आता आठवत नाही, पण त्याला मोटार होती. एकदा खालापूरच्या रस्त्यावर त्यांच्या स्वागताची कमान उभारली होती. मोटार हळूहळू येत होती, माणसे दुतर्फा उभी, सायकलवाले उतरलेले. मी आणि गुरुजी समोरून येत होतो. मी उतरलो. हाताला लाल फीत बांधलेला एक स्वयंसेवक पुढे धावला.

"उतरा गुरुजी, उतरा! साहेब येतायत."

"पुढं उतरतो," गुरुजी म्हणाले, आणि मोटारीच्या कडेने झुलत निघून गेले.

मी त्यांना तळ्यापाशी गाठले. ते मोरीवर बसून पाण्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "गुरुजी, तिथं कमानीला लागूनच मैलाचा दगड होता."

"व्हता की. आजच चुना लावलेला."

"मग?"

"असूं दे. कुनाला तरी उपेगी पडंल."

त्यानंतर वर्षभरात माझी बदली झाली. सामान गाडीत घालून मी पळसदरीवरून खोपोलीकडे निघालो होतो. आदल्या रात्री निरोप घेऊन झाला होता, तरी तळ्याच्या कडेला, दोन्ही बाजूंनी नुसते गवत होते तिथे, समोरून ती ओळखीची झुलणारी आकृती आली. मी हात केला. गाडी जवळ येताच गुरुजींनी उडी मारली आणि सायकल धरून कडेला उभे राहिले.

"अहो, इथे कशाला उतरलात?" मी म्हणालो. "इथे काही नाही."

"ठावं हाय," ते म्हणाले, आणि टोपी सारखी करून नमस्कार केला. "गाडी थांबवू नका. चाला तुमी."

वळणापर्यंत मी मागे वळून पाहत होतो. सायकल हाताने धरून ते कर्जतच्या दिशेने सावकाश चालले होते. पुढचा दगड बराच लांब होता.