शेजारच्या सीटवरचं गिऱ्हाईक

बहरीनमधल्या सित्र्यात जुन्या गाड्यांच्या दुकानात मी गाड्या धुतो. एक बहरीनी म्हातारा तीन दिवस रोज आला. छत उघडणारी छोटी गाडी घ्यावी की बंद छताची मोठी स्पोर्ट्स कूपे, त्याचं ठरेना. दोन्हींत तो शेजारच्याच सीटवर बसून रिकाम्या स्टीअरिंगकडे बघायचा.

"बाबा, चालवणारा तिकडं बसतो," मी हिंदीत सुनावलं.

"आता बायको चालवणार, रफीक. माझे डोळे खलास होत आलेत. मोठीत छताखाली अंधार, ती नुसती सावली दिसेल."

माझी बायको गेली, त्याच्या आदल्या दिवशी फोनवर दिसली होती. तिच्या मागं खिडकी होती, तोंड काळंच दिसलं.

"मग छोटीच घ्या," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी भर दुपारी छत उघडं टाकून त्याची म्हातारी ती गाडी घेऊन निघाली. "डोकं झाक, ऊन लागेल!" ती ओरडत होती. शेजारी बसलेला हा तिच्याकडेच बघत होता.