वळणावर आडवी लावलेली गाडी

चाकण-तळेगाव रस्त्यावरचं ते वळण विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही. घरात कुणी कांदा ठेचला तरी ते डोळ्यांसमोर उभं राहतं. चरात कलंडलेली एसटी, चाकांखाली चिरडलेल्या कांद्याच्या गोण्या आणि दारापाशी अडकून जागच्या जागी गेलेला तरुण कंडक्टर. त्याच्या गळ्यातली चामड्याची पिशवी शाबूत होती. घंटीची दोरी तुटून त्याच्या मुठीत आली होती. माझ्या हवालदाराने ती मूठ सोडवायचा प्रयत्न केला आणि मग तसाच बाजूला जाऊन बसला.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी चाकणला फौजदार होतो, अंगात रग होती. आमच्या भागात एसटी नवी होती. त्याआधी त्या रस्त्यावर एका शेठची खाजगी सर्व्हिस मोटर चालायची. ती भरल्याशिवाय सुटत नसे. भाडं शेठच्या मनावर, टपावर माणसं, ब्रेक नावापुरते. पावसाळ्यात उतारू कमी झाले की मोटर दोन-दोन दिवस यायची नाही. सरकारने मार्ग ताब्यात घेतला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. तिकीट ठरलेलं, वेळ ठरलेली, माणूस बघून भाव नाही. मी स्वतः सरकारी नोकर. लोक एसटीला नावं ठेवत, तेव्हा मला ती माझ्याच खात्याला ठेवल्यासारखी लागत.

अपघात बाजाराच्या दिवशी सकाळी झाला. वळणावर एक बैलगाडी आडवी होती, एक चाक निखळलेलं. एसटी तिला चुकवायला कडेला गेली, कडेची माती खचली आणि बस कलंडली. कंडक्टर गेला, उतारूंना मार लागला, ड्रायव्हरचा पाय मोडला. दवाखान्यात त्याने जबाब दिला, "वळण घेतलं आणि गाडी अचानक समोर आली. इलाज नव्हता." गाडी कुणाची, हे वळणालगतच्या वस्तीवर कुणी सांगेना. जो तो म्हणे, "आमी न्हाई बघितलं."

त्या वस्तीच्या पोलीस पाटलाचा आणि माझा चांगला घरोबा होता. भारदस्त, मोजकं बोलणारा माणूस. आजवर त्याची खबर खोटी ठरलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो ठाण्यात आला. चहा घेतला आणि दाराकडे बघत म्हणाला, "फौजदारसाहेब, गाडी कुणाची ते सोडा. लावली कुणी ते बघा."

"कुणी लावली?"

"शेठच्या मोटरीचा डायवर. चाचा. मोटर बंद पडल्यापास्नं हाटेलात बसून म्हनायचा, ह्या रस्त्यावर सरकारची गाडी टिकायची न्हाई. त्या दिशी सकाळी मी सवता त्येला वळणावर बघितला."

मला ते लगेच पटलं. खाजगीवाल्यांचा एसटीवरचा राग सर्वांना ठाऊक होता. शेठ तर परवाना गेल्यावर मोटर विकून पुण्याला निघून गेला होता. मागे राहिला हा ड्रायव्हर, पन्नाशीचा, दाढी पांढरी व्हायला लागलेला. आम्ही त्याला त्याच दिवशी उचलला. तो नमाजाला निघाला होता.

"वळणावर होतास?"

"व्हतो."

"कशाला गेला होतास?"

चाचाने डोक्यावरची टोपी सारखी केली.

हवालदार म्हणाला, "म्हाताऱ्या, बोल की. तुझ्या शेठनं सांगितलं होतं का?"

"शेठ? शेठनं जाताना माज्याकडं वळून बी बघितलं न्हाई. त्येच्यासाटी मी कशाला काय करंन?"

एवढंच. खेडच्या मॅजिस्ट्रेटसमोर उभं करून आम्ही कोठडी घेतली. रात्रंदिवस उभा ठेवला. मी त्याच्यावर हात टाकला नाही. पण कोठडीच्या बाहेर कुणी टाकत असेल तर तिकडे बघितलंही नाही.

त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायची. तिच्या मांडीवर घडी घातलेला धुतलेला सदरा असायचा. मी विचारलं, "हा कशाला आणलास?"

"साहेब, सोमवारी पुन्याला एसटीची परीक्षा हाय त्येंची. जुन्या डायवरास्नी घेत्यात म्हनं. बोलवनं आलंया. एवढं चुकलं तर पुन्यांदा न्हाई बोलवायचे."

मी हतबुद्ध झालो. ज्याने एसटी पाडली असा मला संशय, तोच एसटीत लागायला निघाला होता! पण पोलिसाच्या डोक्यात एकदा माणूस बसला की नवी माहिती त्याच्याविरुद्धच वळवली जाते. मी कोठडीत गेलो आणि तेच हत्यार वापरलं. "कबूल कर किंवा दुसऱ्याचं नाव सांग. सोमवारी पुण्याला जाऊ देतो."

चाचाने वर बघितलं. त्याचे डोळे सुजले होते. "नाव सांगून गेलो तर गाडी चालवताना हात कापतील माजे," तो म्हणाला. मला ती मग्रुरी वाटली.

सोमवार उजाडला आणि मावळला. चाचा कोठडीतच होता.

मंगळवारी मी पुन्हा वळणावर गेलो. खरं तर पाटलाचा सविस्तर जबाब घ्यायला निघालो होतो. बैलगाडी अजून तिथेच होती, फक्त कडेला ओढलेली. मी शेतकऱ्याच्या घरात वाढलो. पहिल्या दिवशी रक्त आणि आरडाओरडा यांत जे दिसलं नव्हतं, ते आता दिसलं. निखळलेलं चाक बाभळीला नीट टेकवून ठेवलेलं. चाक अडवणारी खीळ मोडलेली नाही, काढून धुरेच्या खोबणीत खोचलेली. आणि बाभळीखाली दोन बैल बांधल्याच्या खुणा, समोर अर्धवट खाल्लेला कडबा. ज्याची गाडी भररस्त्यात मोडते तो आधी बैलांपुढे वैरण टाकत बसत नाही. आणि गाडी कुणा वैऱ्याने आणून लावली असती, तर त्याने बैलांना खाऊ घातलं नसतं.

मी तिथे उभा असताना वस्तीवरून एक म्हातारी काठी टेकत आली. डोळ्यांत मोतीबिंदू. माझ्यापाशी थांबली, माझ्या खाकी कपड्यांकडे वाकून बघितलं आणि एकदम ओरडली, "आलास व्हय? मानूस मेल्यावर आलास?"

"आजी, मी..."

"आता तरी थांबत जा की रं! तुमच्या यष्टीला इतं थांबाया काय मोडतंय? हात केला तर थांबत न्हाईस. थांब्याची पाटी न्हाई म्हनतोस. मग काय करायचं आमी? कांदं डोक्यावर घिऊन चाकणला चालत जायचं? गाडी आडवी लावली तवा थांबायचास न्हवं? तवा बरं पाय दाबत व्हतास!"

ती मला एसटीचा माणूस समजली होती. माझी कानशिलं तापली. मी एसटीवालाच होऊन विचारलं, "गाडी कोण लावतं, आजी?"

"कोन म्हंजे? पाळीनं लावत्यात. बाजाराच्या दिशी एकेका घराची पाळी. आमची पाळी मागच्याच बाजाराला झाली, माजा नातू हुबा व्हता. त्या दिशी पाळी पाटलाची व्हती. दुसऱ्याचं नाव घिऊ नगंस, आमच्या घरावर बालंट नगं!"

मी बाभळीला टेकवलेल्या त्या चाकाकडे बघितलं. म्हातारी बोलत राहिली. मला पुढचं ऐकू येत नव्हतं.

गावात विहिरीचं पाणी पाळीने घेतात, देवळाचा दिवा पाळीने लावतात. या वस्तीने सरकारची बस थांबवायची पाळी लावली होती! चाक काढायचं, बैल सावलीला बांधायचे, बस थांबली की "गाडी मोडली, हात लावा" म्हणायचं आणि बाकीच्यांनी गोण्या घेऊन चढून जायचं. कुणालाच त्यात गुन्हा दिसला नाही. पोलीस पाटलालासुद्धा नाही.

पाटलाला ठाण्यात बोलावलं. मी एवढंच विचारलं, "पाटील, त्या दिवशी पाळी कुणाची होती?" त्याने पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"साहेब, डेपोत मी खेटे घातले. थांबा द्या म्हनलं. म्हनले, मंजूर न्हाई, वरनं यायला पायजे. वर कुटं जायचं? शेठ लबाड व्हता, पर त्येच्या दारात जाऊन भांडता येत व्हतं. सरकारचं दार कंचं?"

"आणि चाचा? त्याला का गोवलंत?"

त्याने मान खाली घातली. "तो त्या दिशी आमास्नी आडवायला आला व्हता. म्हनला, बैल आडवता तशी यष्टी आडवू नगा, भरल्या गाडीला ब्रेक लागायला जागा लागती. मीच त्येला हाकलला. मग झालं ते झालं. मला वाटलं, तो बोलंल. त्येच्या आधी आपन बोलावं."

तिथून मी दवाखान्यात गेलो. एसटीच्या ड्रायव्हरला म्हणालो, "गाडी अचानक समोर आली नव्हती. तुला ते नाटक माहीत होतं." त्याने उशीत तोंड खुपसलं. तसाच बोलला. "उशीर होतोय म्हणून मला मेमो आला होता, साहेब. ठरवलं होतं, आज थांबायचं नाही, कडेनं काढायची. कंडक्टरनं घंटी मारली. थांब म्हणून. मी ऐकली होती ती घंटी."

त्या मुठीतल्या दोरीचा अर्थ मला तेव्हा कळला. वस्तीवरची माणसं उभी बघून त्या पोराला थांबायचं होतं.

चाचाला सोडताना मी त्याला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणालो. "तुम्हाला सगळं माहीत होतं, चाचा. बोलला का नाहीत?"

"एकाचं नाव असतं तर घेतलं असतं, साहेब. अख्ख्या वस्तीचं कसं घ्यायचं? त्येंच्या चुलीवरची भाकर खाल्लीया मी. आन घेतलं असतं तर तुमी मानलं असतं? पाटलाचा शबुद मोटा का माजा?"

त्याने बायकोच्या हातातला सदरा घेतला आणि ठाण्यातच अंगात घातला. जुना फाटला होता.

मी पुण्याला एसटीच्या कचेरीत गेलो. कारकून सभ्य होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. "तो निर्दोष आहे, मी तसं लिहून देतो," मी म्हणालो.

"ते बरोबर आहे साहेब. पण त्या दिवशी तो हजर नव्हता ना?"

"हजर कसा राहील? माझ्या कोठडीत होता."

"मग तसं वरून यायला हवं."

मी वर विचारलं. वरून काही आलं नाही. त्या खिडकीपुढे उभं असताना मला पाटील आठवला. आणि हेही आठवलं, की हेच वाक्य मी माझ्या ठाण्याच्या टेबलामागून किती जणांना ऐकवलं आहे.

पाटलाला शिक्षा झाली, पाटीलकी गेली. एसटीच्या ड्रायव्हरची नोकरी गेली. वळणावर थांब्याची पाटी मात्र लागली. ती मंजूर व्हायला एक कंडक्टर मरावा लागला.

लोक मला विचारतात, तुम्ही खाजगी मोटरीचा काळ बघितलात आणि सरकारीचाही, बरं कोणतं? मला सोपं उत्तर देता येत नाही. शेठला उतारूचा चेहरा दिसायचा, कारण त्या चेहऱ्यात भाडं होतं. भाडं नसलं की चेहराही दिसेनासा व्हायचा. एसटी पावसाळ्यातही आली, रिकामी असली तरी आली. पण तिला रस्त्यावरचा माणूस दिसायचा नाही, पाटी दिसायची. मलाही तसंच झालं होतं. मला चाचा दिसला नाही, 'खाजगीवाला' अशी पाटी दिसली.

दीडेक वर्षाने तळेगावहून येताना माझी मोटारसायकल बंद पडली. एसटी नुकतीच निघून गेली होती. विटांचा एक ट्रक आला आणि मी हात न करताच थांबला. वर चाचा होता. पिंपरीकडे कारखान्यांच्या भिंती उभ्या राहत होत्या, एका ठेकेदाराने त्याला ट्रकवर ठेवला होता.

"बसा साहेब," तो म्हणाला. "तुमच्या खोलीत मी ऱ्हायलो, आता माज्या खोलीत तुमी बसा."

मी मुकाट्याने चढलो. माफीचे शब्द मी ओठांवर आणले, तेवढ्यात त्याने ब्रेक लावला. तेच वळण. थांब्याच्या पाटीखाली ती मोतीबिंदूवाली म्हातारी टोपली घेऊन उभी होती.

"यष्टी गेली का गं, आजे?" चाचाने विचारलं.

"गेली. भरलीया म्हून थांबली न्हाई."

चाचाने माझ्याकडे बघितलं. ट्रकमध्ये उतारू बसवणं हा गुन्हा. कलम मला पाठ होतं, अंगावर खाकी होती, आणि हे सगळं त्यालाही माहीत होतं.

"साहेब," तो म्हणाला, "सरका थोडं."

मी सरकलो.