पाठीतली गाठ

आमचे दाजी बोलायला लागले की आधी घसा खाकरतात, मग इकडेतिकडे बघतात आणि शेवटी काहीच बोलत नाहीत. मी ताईला चिडवायचो, "तुझा नवरा पाण्याखालीच बरा. तिथे गप्प बसल्याबद्दल कुणी नावं ठेवत नाही." ताई हातातलं फडकं फेकून मारायची.

दाजी पाणबुडे आहेत. शहराच्या टोकाला दगडाची जुनी खाण आहे. काम बंद पडल्यावर तिच्यात पाणी साठलं आणि माणसं त्यात बुडायला लागली. कुणी बुडालं की पोलीस दाजींना बोलावतात आणि दाजी मला. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. अशा वेळी मी शटर ओढतो आणि काठावर जातो. नळी नाही, टाकी नाही, छातीत मावेल तेवढ्या हवेवर दाजी खाली जातात. खाली काळोख असतो, सगळं हाताने चाचपून कळतं. प्रेताच्या कमरेला बांधायचा दोर ते सोबत नेतात, त्याचं दुसरं टोक माझ्या हातात असतं. एक हिसका बसला की सापडलं, दोन बसले की ओढायचं. या दोहोंच्या मधे ते इतका वेळ लावायचे की माझ्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. प्रेत जड असतं, नीट धरायला वेळ लागत असेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

वर आल्यावर घरच्यांसमोर मात्र दाजी एक वाक्य अगदी स्पष्ट बोलत. "पाय घसरला असणार. चेहरा शांत आहे."

आमच्या धाकट्यालाही, म्हणजे माझ्या नि ताईच्या भावाला, त्यांनीच वर काढलं होतं. आईला त्यांनी हेच सांगितलं आणि आई आजवर त्या वाक्याच्या आधाराने जगली. तिच्या मते सगळा दोष त्याच्या चपलेचा. तळ गुळगुळीत झालेली ती चप्पल ती फेकणारच होती, राहून गेलं. नगरपालिकेत खेटे घालून तिने खाणीला कठडा बसवून घेतला. फोटो पुसताना ती अजून त्याला रागावते, "नवी घे म्हटलं होतं ना, मेल्या!"

यंदा त्या खाणीत क्रशरवाल्याची सून बुडाली. क्रशरवाला म्हणजे आमच्याकडचं बडं प्रस्थ. खडी त्याची, ट्रक त्याचे, अर्धे नगरसेवकही त्याचेच. दाजींनी तिला वर काढलं, नेहमीचं वाक्य बोलले आणि आम्ही घरी आलो. पण शवविच्छेदनात तिच्या दोन्ही खाकांखाली दोराचे वळ निघाले. तिचे वडील निवृत्त पोस्टमन. ते रोज सकाळी पोलीस ठाण्याच्या बाकावर येऊन बसायला लागले. भांडत नसत, रडत नसत, नुसते बसत.

फौजदारांनी दाजींना बोलावलं. मीही गेलो, कारण दाजींच्या वतीने बोलायला कुणीतरी लागतंच.

"अंगावर दोर होता का?"

"नाही," दाजी म्हणाले.

"मग वळ कसले?"

दाजींनी घसा खाकरला. मी मधे तोंड घातलं, "ओढताना आमचाच दोर लागतो, साहेब."

"तुम्ही कमरेला लावता. मी चौकशी केली आहे." फौजदारांचा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "हे बघा, खोटं पकडायचं मशीन असतं. पॉलिग्राफ म्हणतात. छातीला पट्टे, बोटांना तारा. श्वास, नाडी, घाम, सगळं उमटतं. जबरदस्ती करता येत नाही, तुमची संमती लागते आणि तीही न्यायाधीशांसमोर. तिच्या नवऱ्याने वकिलामार्फत नकार कळवलाय. तुम्हीही नाही म्हणालात तर त्याचं फावेल. आणि मग मला तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघावं लागेल. सोमवारी सांगा."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "दाजी, तुमच्या छातीला पट्टा बांधला तर मशीनच गुदमरेल." ते हसले नाहीत.

गल्लीत जो तो सांगायला लागला, कर नाही त्याला डर कशाला. ही म्हण ज्याने काढली त्याला पोलीस ठाण्यात कुणी बसवलं नसणार. माझ्या दुकानात एक वकील येतो. तो म्हणाला, मशीनचा निकाल म्हणजे काही पुरावा नव्हे, पण त्यावरून पोलीस जे उकरून काढतील त्याचा पुरावा होऊ शकतो. आणि निर्दोष माणूसही घाबरला तर त्यात नापास होतो. मी ठरवून टाकलं, दाजींनी नाही म्हणायचं.

हे सांगायला मी जाणार, तर दाजीच दुकानात आले. जुन्या टायरांच्या ढिगावर बसले.

"होता," ते म्हणाले.

"काय होता?"

"दोर. त्याला दगड. मी सोडला."

"का?"

"नेहमीच सोडतो."

मग माझ्या आयुष्यात पहिल्यांदा दाजी सलग बोलले. दगड बांधून घेऊन उडी मारणारे असतात. खिशात खडी भरून येणारे असतात. दाजी खालीच गाठ सोडतात, खिसे रिकामे करतात, दगड तळाला जाऊ देतात आणि मगच दोन हिसके देतात. "घरच्यांना घसरलेला पाय मिळतो," ते म्हणाले. "पुढे जगायला बरं पडतं."

"पण हिची गाठ पाठीत होती. दोन खांद्यांच्या मधोमध. तिथे आपला हात पोचत नाही. माझ्या बोटांनी सवयीने सोडून टाकली. काय सोडलं ते वर येताना कळलं." दुसऱ्या दिवशी ते एकटेच जाऊन बुड्या मारून आले होते. तळाशी खाणीच्या काळातले दोर, तारा, सगळा उकिरडा. "आणि दोर सापडला तरी काय उपयोग? खरं सांगणारी ती गाठ होती."

माझ्या हातात पाना होता. मी तो खाली ठेवायला हवा होता.

"आणि आमचा धाकटा?"

दाजींनी माझ्या हातातल्या पान्याकडे पाहिलं. "त्याची पुढे होती," ते म्हणाले. "पोटावर."

मी पाना फेकला. तो त्यांना लागला नाही, भिंतीचा पोपडा मात्र उडाला. माझा राग खोटं बोलल्याचा होता की खरं सांगितल्याचा, ते मला आजही सांगता येत नाही. मी एवढंच म्हणालो, "हो म्हणू नका. आईला कळलं तर ती जगायची नाही."

ताईला त्यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. ती रडून मोकळी झाली होती आणि आता दगडासारखी घट्ट होती. "ती पोरगी मेली नाही, मारली," ती म्हणाली. "आपण गप्प बसलो तर तिच्या बापाने कुठे जायचं?"

"आणि आपल्या आईने कुठे जायचं?"

त्या दिवसापासून आम्ही बहीणभाऊ कामापुरतं बोलू लागलो.

रविवारी एक माणूस दुकानात सायकल घेऊन आला. पंक्चर बघायचं म्हणाला. पंक्चर नव्हतंच. समोर क्रशरवाल्याची जीप उभी होती, तिच्यातून तो उतरलेला मी पाहिला होता.

"दाजींना जपा," तो म्हणाला. "रोजचं पाण्यातलं काम. दोर तुमच्याच हातात असतो ना?"

त्याने न काढलेल्या पंक्चरचे पैसे ठेवले आणि गेला. रात्री मी दाजींना सांगितलं. म्हटलं, आता तरी ऐका, आणि सांगायचंच असेल तर तोंडाने सांगून मोकळे व्हा, मशीन कशाला?

"तोंड उघडत नाही माझं," दाजी म्हणाले. "तिथे ते एकच वाक्य बसलंय. फौजदारांनी विचारलं तेव्हाही आपोआप नाही म्हणालो. मशीनने खेचलं तर निघेल."

सोमवारी फौजदारांनी आम्हाला कोर्टात नेलं. न्यायाधीशांनी विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे?"

"आहे," दाजी म्हणाले. "नाही म्हणण्यासाठी."

न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं. दाजींनी संमती दिली, सही केली आणि वर म्हणाले, "मी अंगावरचे दोर सोडतो का, हे मला विचारायला सांगा. तसं लिहून घ्या." कारकुनाने लिहून घेतलं. तिथे चहावाला होता, शिपाई होता, चार वकील होते. मशीनची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. बातमी त्याच संध्याकाळी सगळीकडे झाली.

मग दाजींच्या घरी माणसं यायला लागली. कुणाची बायको, कुणाचा बाप, कुणाचा तरणाताठा मुलगा त्या खाणीत गेलेला. एक जण फाटकाच्या आत आलाच नाही. तिथूनच ओरडून म्हणाला, "माझ्या बायकोच्या वेळी काय होतं ते सांगा!" दाजी प्रत्येकाला तेच वाक्य सांगत होते. आधी ते ऐकून लोक हात जोडायचे. आता नुसते बघायचे आणि निघून जायचे. समोरच्या झाडाखाली जीप रोज थोडा वेळ उभी असायची.

आईला कुणी सांगू नये म्हणून मी जंगजंग पछाडलं. पण एका दुपारी ती रिक्षाने एकटीच ताईकडे आली. मी तिथेच होतो. ताईने पाण्याचं भांडं पुढे केलं, तिने ते तसंच खाली ठेवलं.

"जावईबापू, माझ्या लेकराचा पाय घसरला होता ना?"

ताईने तोंडाला पदर लावला.

"घसरला होता, आई," दाजी म्हणाले. "चेहरा शांत होता."

आईने मान डोलावली. मला वाटलं, सुटलो.

"बरं," ती म्हणाली. "मग त्या मशीनवर बसाल तेव्हा हेही विचारायला सांगा त्यांना. मी बरोबर येते. कधी जायचंय?"

मी दाजींकडे पाहून मान हलवत होतो, नको, नको. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी तिला तारीख सांगितली.