धाकटी आणि दिवेखाऊ

आमची धाकटी टीव्हीशी भांडायची. नुसती बडबड नाही, पदर खोचून, हातवारे करून. बातम्या सांगणारा असो नाहीतर साबण विकणारी, तिने कुणाला सोडलं नाही. ती माझ्या दिराची बायको. दोघींचे नवरे गेल्यावर आम्ही दोघी जावा दहिसरला एका खोलीत राहायला लागलो. मला ती 'बाई' म्हणायची आणि वर अगं-तुगंही करायची. शेजारपाजारचे तिला घाबरत. मी नाही घाबरले. मीही काही कमी नाही.

एकदा बिनसलं की तिचं बिनसलं. भाजीवाल्याने भेंडी निवडू दिली नाही, तर महिनाभर त्याच्या गाडीवरून मान फिरवून जायची. पोटच्या पोरीशीही तेच. प्रज्ञाने गोराईच्या एका ख्रिश्चन मुलाशी कोर्टात लग्न केलं आणि मग घरी सांगितलं. धर्माचं धाकटीला काही नव्हतं. "मला विचारलं का नाही?" एवढंच तिच्या घशात अडकलं. तेव्हापासून बोलणं बंद. प्रज्ञा मला फोन करायची. तिचा फोन आला की ही उठून मोरीत जायची आणि धुतलेलेच कपडे पुन्हा घासत बसायची.

एका दुपारी चॅनेल फिरवताना तिला एक कार्टून सापडलं. हिंदीत होतं. मी म्हटलं, "काय गं, या वयात कार्टून बघतेस?"

"तुला नको तर भिंतीकडे तोंड कर."

थोड्या दिवसांनी माझंही तोंड टीव्हीकडे वळलं. गोष्ट अशी, की एक राक्षस लोकांच्या दारातले पेटते दिवे गिळतो. त्याला वाटतं, सगळा उजेड पोटात आला की आपण सगळ्यांत मोठे. पण दिवे पोटात विझत नाहीत, त्याला आतून भाजत राहतात. एक लहान मुलगी त्याच्या मागून चालते. ती त्याला मारत नाही, शिकवत नाही, फक्त चालते. धाकटीने त्याचं नाव ठेवलं दिवेखाऊ.

"हा मेला कसला सुधारतोय," मी म्हणायचे.

"सुधारेल. त्याला जड झालंय. बघ, आता पाय ओढत चालतो."

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही बायका बसतो, एकजण ग्रंथ वाचते. एकदा वाचणारी बाई आजारी पडली. धाकटी म्हणाली, "मी सांगते तोंडी," आणि तिने दिवेखाऊची गोष्ट सांगितली. कार्टूनचं नाव काढलं नाही. बायकांना वाटलं जातककथा आहे. एकीने डोळे पुसले. दुसरी म्हणाली, "यालाच तृष्णा म्हणतात बघा." पुढच्या रविवारी वाचणारी बरी होऊन आली, तर बायका म्हणतात, "ग्रंथ जरा राहू दे, त्या राक्षसाचं काय झालं?"

"पुढचा भाग अजून यायचाय," धाकटी म्हणाली.

विहाराचे अध्यक्ष तिथेच बसले होते. "कुठल्या ग्रंथातला भाग, ताई?"

"टीव्हीतला."

सगळ्या खो खो हसल्या. अध्यक्ष हसले नाहीत. म्हणाले, "भाग आला की सांगा."

भाग आला. पहिला दिवा ज्या घरचा गिळला होता, त्याच घरासमोर दिवेखाऊ येतो. पोटातून दिवा काढून हातात धरतो, पण दार वाजवत नाही. नुसता उभा. धाकटी ताट सरकवून उठली.

"अरे, वाजव ना दार! खाणारेत का तुला? हाक मार, मेल्या!"

"हे कुणाला सांगतेस गं?" मी विचारलं.

ती खाली बसली. उष्टा हात वाळला तरी बसूनच होती.

दुसऱ्या दिवशी पांढरी साडी नेसून तयार. "बाई, गोराईची बोट बोरिवलीहूनच सुटते ना?"

"मी येऊ?"

"नको. तू आलीस की मी तुझ्याशीच भांडत बसेन, आणि तिकडे जायचं राहून जाईल."

संध्याकाळी फोन आला. "आज येत नाही." आवाज बसलेला. मागे प्रज्ञा रडत होती की हसत होती, कळलं नाही. पुढे प्रज्ञाला दिवस गेले, मुलगी झाली, आणि धाकटी तिकडचीच झाली. मी एकटीपुरता भात लावायला शिकले. अजून कधी कधी जास्त होतो.

गेल्या बुद्धपौर्णिमेला ती नातीला घेऊन आली. माझ्या ओट्यावर खीर केली. मी मुद्दाम म्हटलं, "पांचट झालीय. तुला कधी जमलीच नाही."

पूर्वीची असती तर अख्खं पातेलं शेजारी देऊन आली असती आणि मला रिकामी वाटी दाखवली असती. ही म्हणाली, "असेल बाई. थांब," आणि माझ्या वाटीत साखर घातली.

"आता गोडमिट्ट केलीस."

"मग माझी घे." तिने वाटी बदलली आणि माझी खीर चवीने खाल्ली.

तिचं चांगलंच झालं. पोर मिळाली, नात मिळाली, डोकं शांत झालं. विहारातल्या बायका तिचं उदाहरण देतात. मला मात्र ती जुनी, कडकड करणारी धाकटी हवी आहे, आणि असलं मागणं कुणापुढे मागायचं?

रिक्षा आली. नातीला घेऊन ती आत बसली. मी म्हटलं, "पुन्हा येऊ नकोस खीर बिघडवायला." वाटलं, आता तरी उलटून बोलेल.

ती हसली. "येते हं, बाई," म्हणाली आणि वारा लागू नये म्हणून नातीचं डोकं पदराने झाकलं.