सरळ पट्टी

नव्या सोलापुरी चादरीच्या खळीला एक कोरा, किंचित आंबूस वास असतो. तो आला की अजूनही माझ्या छातीत धडधडतं.

सत्तरचं दशक सरत होतं. आकाशात शेजारी शेजारी दिसणारे दोन तेजोबिंदू मुळात एकच असावेत, वाटेतल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने त्या दूरच्या प्रकाशाची वाट वाकवली असावी, अशी बातमी आली आणि आमच्या वाचनालयाला तातडीने व्याख्यान हवं झालं. वक्ता मी, शाळेतला विज्ञानशिक्षक. अध्यक्ष एक चादर-कारखानदार, ज्यांच्या सत्काराला विश्वाच्या वर्णनापेक्षा जास्त वेळ लागला.

अवकाश म्हणजे जणू ताणलेलं कापड, हे दाखवायला मी शेजारच्या नरसय्याची चादर मागून आणली होती. याच कारखानदारांना दाखवायला त्याने ती नमुना म्हणून विणली होती. पसंत पडली तर कायमचं काम; नाही तर बायकापोरांसह भिवंडीच्या यंत्रमागांवर. चौघांनी कोपरे धरले, एक नरसय्यानेच. मधोमध मी दहा किलोचं लोखंडी वजन ठेवलं. चादर खचली, मधली पांढरी पट्टी बाक घेऊन गेली आणि मी फुशारून म्हणालो, की प्रकाश असाच वाकतो.

अध्यक्षांनी चष्मा सरसावला. पट्टी वाकडी आली आहे, असा माल बाजारात चालायचा नाही, असा निकाल त्यांनी दिला. सभा हसली.

आपला दृष्टान्त दुसऱ्याच्या पोटावर यावा, याहून जड ज्ञान कोणतं? प्रकाश आपल्या परीने सरळच जातो, वाकतं ते अवकाश, हेच तर मला सांगायचं होतं! पण ते वाक्य वहीच्या तिसऱ्या पानावर होतं आणि माझा धीर पहिल्यावरच संपला होता. कोपरा धरलेली नरसय्याची बोटं पांढरी पडली होती.

"मास्तर, वजन काढा की," तो हळूच म्हणाला. "पट्टी सरळच हाय."

मी वजन उचललं. खळगा तसाच राहिला, पट्टीही तशीच बाकदार. नरसय्याने कोपरा ओढून चादर झटकली, आणि पट्टी दोरी लावल्यासारखी सरळ झाली. अध्यक्षांनी तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं आणि त्याला सोमवारी कारखान्यावर बोलावलं. विश्वाविषयी त्यांनी काहीच विचारलं नाही.

त्याच नमुन्याची चादर मी आजही घेतो. खाटेवर घडी उलगडून तिच्यावर बसलो, तो वास आला, की नजर आधी पट्टीवर जाते. ती वाकडी वाटली, तर विणकराला नाव ठेवण्याआधी मी खाटेवरून उठून उभा राहतो.